चौदा नंबरचं क्रीम

ताईने बारकीकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही दारात उभं राहून, चपलासुद्धा न काढता. "तू आईसाठी बनवतेस ना, ते क्रीम आपण विकायचं का गं?"

तोवर मागायचं काम बारकीचं असे. ताईची जुनी पुस्तकं, ताईचे आखूड झालेले फ्रॉक, ताईच्या मैत्रिणींमध्ये बसायची परवानगी, सगळं मागून घ्यायचं आणि मिळालं की उपकार झाल्यासारखं तोंड करायचं. धाकटेपण म्हणजे दुसरं काय असतं? त्यामुळे ताईने विचारलं मात्र, बारकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या नवऱ्याला ते बसल्या जागेवरून दिसलं. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि घरात कुणाला काही शिकवायला जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

"विचार करून सांग," ताई गेल्यावर तो एवढंच म्हणाला.

"विचार काय करायचाय? ताई आहे ती."

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं, हे आधीच सांगितलेलं बरं.

या बहिणींच्या माहेरी कातडीच्या दोन जाती होत्या. आईची आणि बारकीची एक. साबण बदलला की पुरळ, शेजारीण अत्तर लावून गळ्यात पडली की मान लाल. ताईची जात वेगळी. तिच्या कातडीला विंचूही नांगी मारताना दोनदा विचार करेल, असं आईच म्हणायची. बारकी अकरा वर्षं औषधाच्या कारखान्यात मलमाच्या विभागात होती. कारखाना दुसऱ्या गावाला हलला, ती हलली नाही. मग घरच्या ओट्यावर एक वजनकाटा, दोन थर्मामीटर आणि एक घुसळणी मांडून तिने आईच्या गालांसाठी क्रीम बनवायला घेतलं. त्यात वास नाही, रंग नाही, नऊच्या वर जिन्नस नाहीत. तीन आठवड्यांत आईच्या गालांवरची पंधरा वर्षांची लाली उतरली. आईने आरशात बघितलं आणि "कोण ही बाई?" म्हणून हसली. बारकीला त्या हसण्याचं अप्रूप अजून आहे.

ताईचं पार्लर होतं, तिच्या घराच्याच खालच्या मजल्यावर. वर ती राहायची, आणि आईही तिच्याकडेच असे. वीस वर्षं बायकांच्या भुवया कोरून कोरून तिला बायकांच्या मनातलं कळायला लागलं होतं, निदान तिचा तसा समज होता. पहिल्याच बैठकीत तिने कामाची वाटणी करून टाकली. "डबीच्या आतलं सगळं तुझं. बाहेरचं सगळं माझं. तू माझ्यात बोलायचं नाही, मी तुझ्यात बोलणार नाही." बाहेरचं म्हणजे डबी, खोका, नाव, दुकानं आणि क्रीम मोठ्या प्रमाणावर बनवून भरून देणारा कारखाना. आतलं म्हणजे क्रीम. इतकी सुटसुटीत वाटणी बारकीने आयुष्यात पाहिली नव्हती. तिने ती वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवली.

विकायचं म्हटल्यावर घरगुती क्रीम चालत नाही. आईला दर पंधरवड्याला ताजं मिळायचं. गिऱ्हाइकाच्या कपाटात ते दोन वर्षं टिकायला हवं. बारकीने नमुने पाडायला सुरुवात केली. पहिला नमुना चेहऱ्यावर बसायचा तो उठायलाच तयार नसायचा. चौथा दोन दिवसांत फुटला, वर तेल आणि खाली पाणी, भांडून वेगळ्या झालेल्या नवराबायकोसारखा. सहावा नवऱ्याने चुकून पावाला लावला आणि वाईट नाही म्हणाला. नववा सगळ्या बाबतींत उत्तम, फक्त त्याने डबीच्या झाकणातली चकती फुगवून ठेवली. बारकी तेल पंचाहत्तर अंशांवर नेत होती, पाणी पंचाहत्तर अंशांवर नेत होती, दोघांना एकत्र घुसळत होती आणि थंड होईपर्यंत भांड्यासमोरून हलत नव्हती. चौदावा नमुना भांड्यात घट्ट झाला तेव्हाच तिच्या हाताला कळलं. चमच्यावरून तो सावकाश आणि एकसंध उतरला. तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघितलं, काही समजलं नाही, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "जमलं वाटतं."

ताईने पार्लरमधल्या तीस बायकांना चौदा नंबर लावायला दिला. सोबत बारकीने एक तक्ता दिला होता: खाज, लाली, चिकटपणा, रोजचं रोज. तीन आठवड्यांनी तिने तक्ते मागितले तेव्हा ताई म्हणाली, "अगं, पसारा आहे नुसता. सगळ्या खूश आहेत. एकीलाही काही झालं नाही." एकीलाही काही झालं नाही, हे बारकीला पुरलं. तक्ते पुन्हा मागायचे राहून गेले.

मग डबीवरून जुंपली. ताईला काचेची बुटकी, जाड बुडाची बरणी हवी होती, सोनेरी झाकणाची. हातात घेतली की वजनदार वाटली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

"बायका त्यात बोटं घालणार," बारकी म्हणाली. "बोटाबरोबर सतरा भानगडी आत जाणार. माझ्या क्रीममध्ये टिकवणारं द्रव्य अगदी सौम्य आहे, ताई. त्याला पंपाचीच बाटली हवी. हवा नको, बोट नको."

"पंप म्हणजे हात धुवायच्या साबणासारखं दिसतं गं ते."

"दिसू दे."

"डबी बाहेरची. बाहेरचं माझं."

"पण डबीमुळे आतलं नासणार असेल तर?"

तीन दिवस ताई फोनवरही नीट बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला: "बरं बाई, तुझा पंप." बारकीने तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला, दोनदा. ताई अशी सहजासहजी नमत नाही, हे चाळीस वर्षं तिच्या हाताखाली काढलेल्या बहिणीला कळायला नको? पण जिंकलेल्या माणसाची अक्कल चार दिवस सुट्टीवर जाते, त्याला इलाज नाही.

पंपाच्या छत्तीस बाटल्या आल्या. बारकीने चौदा नंबर त्यांत भरला. बारा बाटल्या फ्रीजमध्ये, बारा खिडकीच्या उन्हात, बारा एका लाकडी पेटीत, जिच्यात दिवा लावून तिने पंचेचाळीस अंशांची ऊब धरली होती. क्रीमचं आणि बाटलीचं एकमेकांशी पटतंय की नाही हे तीन महिने बघायचं. त्याआधी कारखान्याला हिरवा कंदील नाही. तिने ताईला तसं बजावून सांगितलं, आणि ताईने "तू म्हणशील तसं" म्हणून मान डोलावली. दर शुक्रवारी बारकी छत्तीस बाटल्या एकेक करून वजनाला लावायची, दोनदा पंप दाबायची, रंग बघायची, नाकाजवळ धरायची आणि वहीत लिहायची. फ्रीजमध्ये भाजीला जागा उरली नव्हती. घरात कुणी कुरकुर केली नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन यायचा. "काय म्हणतायत तुझी लेकरं?"

"उन्हातली सात नंबरची जरा पिवळट वाटतेय. बाकीच्या मजेत."

"बघ हं. लक्ष ठेव."

बारकीला तो फोन फार आवडायचा. लहानपणी ताई आपल्या खेळात तिला घ्यायची ती फक्त चेंडू आणून द्यायला. आता ताई विचारत होती आणि बारकी सांगत होती. आपण दोघी मिळून काहीतरी करतोय, हे वाटणं तिच्यासाठी त्या क्रीमपेक्षाही मोठं होतं. खरं सांगायचं तर क्रीम तिने आईसाठी एकटीनेही केलंच असतं. धंद्यात ती उतरली ती ताईसाठी.

बाटल्यांच्या आठव्या आठवड्यात ताईने नेमलेल्या डिझाइनर बाईने कोरे पांढरे खोके दुमडून आणले, मापं बघायला, आणि एका कागदावर मजकूर. बारकी ताईच्या दिवाणखान्यात बसून तो वाचत होती. खोक्याच्या मागच्या बाजूला यायचं होतं: "दोन बहिणींनी, घरच्या स्वयंपाकघरात, आपल्या आईसाठी बनवलेलं."

"कसं वाटतंय?" ताईने विचारलं.

"बरंय," बारकी म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली, कारण डोळे भरून आले होते आणि ताईला ते दिसलेलं तिला परवडणार नव्हतं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला ते वाक्य सांगितलं, अगदी सहज, दुसरं काहीतरी बोलता बोलता. नवऱ्याने वही बाजूला ठेवली आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

अकराव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, छापखान्यातून खोक्याचं प्रूफ आलं. पूर्ण रंगात, उघडून सपाट केलेल्या खोक्याचा मोठा कागद, गुंडाळी करून. ताईचा फोनवर निरोप होता: "तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. शुद्धलेखन तेवढं तपास गं. उद्या छपाईला जायचंय." बारकीला जरा नवल वाटलं. अजून दोन शुक्रवार बाकी होते, आणि छपाई उद्या? पण ताईला घाईची सवयच. तिने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, लाल पेन घेतलं आणि सवयीने सगळ्यात आधी घटकांची यादी वाचायला घेतली.

या यादीचं एक आहे. जो जिन्नस सगळ्यात जास्त तो पहिला, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी, असं उतरत्या क्रमाने लिहायचं असतं. एक टक्क्याच्या खाली गेलं की मग कसंही. अकरा वर्षं हेच केलेल्या माणसाला यादी वाचली की क्रीम डोळ्यांपुढे दिसतं, दाट का पातळ, महाग का स्वस्त, कोणी मन लावून केलंय आणि कोणी उरकलंय. बारकीचे नऊ जिन्नस तिला झोपेतही पाठ होते. पाणी, बदामाचं तेल, ग्लिसरीन, ओटचं पीठ आणि पुढचे पाच.

कागदावर तेवीस होते. पहिलं पाणी. दुसरं खनिज तेल. मग लांबलचक नावांचा तांडा. सतरावा होता सुगंध. आणि बदामाचं तेल अठरावं, सुगंधाच्या मागे.

म्हणजे थेंब. म्हणजे नावाला. म्हणजे खोक्यावर बदामाचं चित्र काढता यावं इतपत.

बारकीने पहिल्यांदा छापखान्याला शिव्या घातल्या. दुसऱ्याच कुणाच्या मालाची यादी आपल्या खोक्यावर डकवली, गाढव कुठले, बरं झालं आपण बघितलं. तिने डिझाइनर बाईला फोन लावला.

"यादी चुकलीये. ही आमची नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "नाही हो, बरोबर आहे. कारखान्याच्या कागदावरून घेतलीये. तुमच्या ताईंनीच पाठवला होता मला. थांबा, तारीख सांगते." आणि तिने तारीख सांगितली.

बारकीने वही उघडून बघितली. "बरं बाई, तुझा पंप" हा निरोप आला होता त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती ती.

ती तशीच उठली. केस विंचरले नाहीत, कुलूप लावलं की नाही तेही आठवलं नाही. प्रूफ गुंडाळून काखेत मारलं आणि ताईचं घर गाठलं.

वर आई एकटीच होती, खुर्चीत बसून उन्हात पाय सोडून. बारकीने तडक आईच्या खोलीत जाऊन फळी बघितली. फळीवर तिचीच साधी प्लास्टिकची डबी होती, झाकणावर तिच्याच अक्षरात "१४". तिच्या जिवात जीव आला. चुकलंच काहीतरी त्या बाईचं. ती बाहेर आली.

"आई, तू हेच लावतेस ना? चौदा नंबर?"

"हो की. ताई म्हणाली, तू तुझं जुनंच लाव, नवीन तुला सोसायचं नाही, वास आहे त्याला. पुरवून पुरवून लावतेय मी. तू अजून देणारेस ना करून?"

"कधी म्हणाली ताई असं?"

"झाले की दोन अडीच महिने." आईने तिच्याकडे नीट बघितलं आणि पाय आखडून घेतले. "मला वाटलं, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. तुला माहीत नव्हतं?"

बारकी म्हणाली, "होतं." आईशी ती सहसा खोटं बोलत नसे. त्या दिवशी बोलली, कारण खरं बोलली असती तर ताईची लाज आईसमोर उघडी पडली असती. केसाने गळा कापणाऱ्याची अब्रू झाकायला हात आपसूक पुढे जातो, याला काय म्हणावं?

खाली पार्लरमध्ये ताई एका गिऱ्हाइकाच्या भुवया करत होती. दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं बोटांत, मान तालात मागेपुढे. बाई खुर्चीत डोळे मिटून, स्वतःची पापणी स्वतःच ताणून धरून पडली होती. बारकीने कागद ताईसमोर उलगडला आणि यादीवर बोट ठेवलं.

ताईने बघितलं. दोरा दातांतून सोडला नाही. "शुद्धलेखन झालं का?" ती दातांमधूनच म्हणाली.

"ताई, हे काय आहे?"

ताईने भुवईच्या टोकाचे दोन केस उपटले आणि मग दोरा सोडला. "हे बघ, चिडू नकोस. त्या तीस जणींतल्या बावीस जणी काय म्हणाल्या माहितीये? क्रीम चांगलं आहे, पण वासच नाही. लावल्यासारखं वाटत नाही. तक्त्यावर लिहून दिलंय त्यांनी."

"मला तू म्हणालीस सगळ्या खूश आहेत."

"खूशच होत्या. पण खूश असणं वेगळं आणि विकत घेणं वेगळं. कारखान्याकडे तयार क्रीम होतं. चांगलं आहे, कुणाला काही होत नाही त्याने. त्यात आपल्याला हवा तो वास घालून देतात, आपलं नाव लावतात."

"आईला होतं."

"आईला मी तुझंच देते." ताईने हे इतक्या सरळपणे सांगितलं, जणू तिला यासाठी शाबासकी हवी होती. "आईच्या बाबतीत मी चूक करेन का?"

खुर्चीतली बाई आता पापणी सोडून देऊन छताकडे बघत होती. उठावं की पडून राहावं ते तिला कळत नव्हतं.

"आतलं माझं होतं, ताई," बारकी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "तूच वाटणी केली होतीस. मला एका शब्दाने सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

ताईच्या हिशोबी तिथे सगळं संपलं होतं. नाही ऐकायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. दुकानात महाग वस्तू असली की आपण किंमत विचारत नाही, तसं.

"मी अकरा आठवडे बाटल्या तोलतेय," बारकी म्हणाली. "दर शुक्रवारी. तू फोन करून विचारायचीस. त्या बाटल्यांत जे आहे ते कुणीच विकणार नव्हतं, हे तुला माहीत होतं. पहिल्या शुक्रवारपासून."

ताईला हे ऐकून खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. तिने बारकीच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने, आणि म्हणाली, "अगं पण तुला ते आवडतं ना? मी म्हटलं, रमलीयेस, रमू दे."

एखादी थप्पड बसली असती तर बारकीने उलटून काहीतरी केलं असतं. या हातापुढे मात्र ती तिथे उभी राहून चक्क रडली, त्या अनोळखी बाईसमोर, चाळिशी ओलांडलेली बाई, प्रूफाचा कागद छातीशी धरून. ताईने तिला पुसायला कापूस दिला. पार्लरमध्ये तेच हाताशी होतं. मग ताई म्हणाली, "घरी जा, चहा घे, आणि रात्रीच्या आत तेवढं तपासून पाठव. तुझ्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवू?" आणि दोरा पुन्हा दातांत धरला.

लपवायचं असतं तर ताईने तो कागद तिच्याकडे पाठवलाच नसता. घरी येताना बारकीला हेच राहून राहून चावत होतं. ताईने कागद पाठवला, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. बारकी शुद्धलेखन बघेल आणि परत देईल. चेंडू आणून द्यावा तसा.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो शांत माणूस, पण त्याने खिडकीतल्या बाटल्यांकडे बघून एक शिवी दिली, जी शाळेत दिली असती तर नोकरी गेली असती. "देऊ नकोस परत. फाडून टाक तो कागद. छापू दे चुकीचं."

"चुकीचं छापलं तर कुणाच्या तरी आईच्या गालाला लागेल," बारकी म्हणाली.

तिने कागद पुन्हा टेबलावर पसरला, वाट्या ठेवल्या आणि तपासायला बसली. आणि ती बाई अशी, की तिला अर्धवट काम करताच येत नाही. वापराची मुदत राहिली होती, ती लिहिली. सुगंधातल्या दोन द्रव्यांची नावं यादीत द्यायला हवी होती, कारखान्याने गाळली होती, ती कुठे हवीत ते बाणाने दाखवलं. मोठ्या अक्षरात छापलेलं "सर्व प्रकारच्या त्वचेसाठी" तिने खोडलं आणि शेजारी लिहिलं: "सुगंध आहे. नाजूक त्वचा असल्यास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं." तीन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. खोका सुधारून सुधारून इतका चांगला केला की बघणाऱ्याला वाटावं, हिचाच माल आहे.

मग ती मागच्या बाजूला आली. "दोन बहिणींनी, घरच्या स्वयंपाकघरात, आपल्या आईसाठी बनवलेलं."

यातला एकही शब्द आता खरा नव्हता. तिने लाल पेन टेकवलं आणि पूर्ण वाक्यावरून एक रेघ ओढली. दुसऱ्यांदाही ओढली, कुणाला चुकून ओढल्यासारखी वाटू नये म्हणून. बाजूला काहीच लिहिलं नाही. ताईला न लिहिता कळेल, असा तिचा हिशोब होता. बाकी शंभर दुरुस्त्या ताई डोळे झाकून मान्य करेल, पण या रेघेपाशी थांबेल. फोन करेल. चिडेल, ओरडेल, "हे काय केलंस बारके, या वाक्याशिवाय काय उरलं?" म्हणेल. कदाचित चपला न काढता दारात येऊन उभी राहील. आणि मग बोलता येईल. इतकं झाल्यावरही बारकीला ताईशी भांडायचं होतं, तोडायचं नव्हतं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही, पण त्याने ते ओळखलं असावं, कारण कागदाचे फोटो ती पाठवत होती तेव्हा तो उठून तिच्याशेजारी येऊन बसला.

फोटो पोहोचले. ताईने ते बघितल्याची खूण आली. बारकीने फोन टेबलावर, समोर ठेवला. अंधार पडायला अजून अवकाश होता. नवऱ्याने चहा केला, तो निवला. उन्हातल्या बारा बाटल्या तिने खिडकीतून आत घेतल्या नाहीत.

पाऊण तासाने फोन वाजला नाही, नुसता थरथरला. बारकीने निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"सगळ्या दुरुस्त्या केल्या म्हणे. सूचनासुद्धा घातली. थँक्यू म्हणाली."

"आणि ते वाक्य?"

"ते काढलं ते बरंच झालं म्हणाली," बारकी म्हणाली. "मागच्या बाजूला फार गर्दी होत होती."